अंगणवाडीत अंगण किती?

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते अगदी लहान मुलांच्या वर्गाबद्दल, अंगणवाडी आणि पहिली-दुसरीच्या. त्यातही असे वर्ग, जिथं मूल घरी एक भाषा बोलतं आणि ताई दुसरीच.

ही अडचण आजची नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षण केंद्राचं काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघरमध्ये येते. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेलं होतं, माँटेसरी पद्धत त्यांच्या हाडीमाशी भिनलेली. पण पाड्यावरची वारली मुलं बालवाडीत येईनात. कशी येणार? कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या मागे गुरं. मग बालवाडीच उठून पाड्यावर गेली, कुणाच्या तरी अंगणात बसली. अंगणवाडी ती हीच. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरीचं साहित्य महागडं, म्हणून शंखशिंपले, खडे, बिया, पानं हाताशी घेतली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ देशभर पोचली. ते पाहायला ताराबाई नव्हत्या, १९७३ मध्ये त्या गेल्या.

नाव गावोगाव झालं, अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी खोलीच्या बाहेरच राहिलं. भिंतीवर छापील तक्ता, त्यात सफरचंद आणि जहाज. समोर बसलेल्या पोराला मोहाची फुलं कधी गळतात ते पक्कं ठाऊक असतं, पण त्याला ते विचारतंय कोण? ते गप्प राहतं आणि वहीत शेरा पडतो, ‘मूल बोलत नाही.’

अशाच एका वर्गातली गोष्ट. पहिल्या पावसानंतरचा दिवस. ताईंनी सहज विचारलं, रात्री खेकडे धरायला कोण गेलं होतं? आठवडाभर तोंड न उघडलेली एक पोर उभीच राहिली. बॅटरीचा झोत टाकला की खेकडा कसा थबकतो, मागून पाठीवर बोट कसं दाबायचं, नांगी लागली तर काय होतं, सगळं वारलीत, हातवारे करून. ताईंना निम्मं कळलं. उरलेलं मदतनीस मावशींनी सांगितलं; त्या त्याच पाड्यावरच्या. मग फळ्यावर खेकडा आला. पाय किती? आठ. नांग्या? दोन. मिळून दहा. तेवढेच चिंचोके मांडून झाले. पोरीचं वाक्य ताईंनी तिच्याच बोलीत, देवनागरीत फळ्यावर लिहिलं आणि खाली तेच मराठीत. एका सकाळी भाषाही झाली, गणितही झालं. खर्च शून्य.

मावशींचं मोल आपण फार कमी करतो, असं माझं मत आहे. खिचडी शिजवणं आणि मुलांना घरून आणणं एवढंच त्यांचं काम समजलं जातं. खरं तर वर्गात मुलांची भाषा येणारं मोठं माणूस बहुतेक वेळा त्या एकट्याच असतात. गोष्ट त्यांना सांगू द्या.

दुसरं डब्याचं. पोरानं डबा उघडला, सुकटीचा वास सुटला, शेजारचं मूल ‘शी!’ म्हणालं. आता सगळ्यांचे डोळे ताईंकडे. ताईंनी नाक मुरडलं तर त्या पोराला कळायचं ते कळतं, आणि ‘शी’ म्हणणाऱ्यालाही. ‘तुझ्या आईनं सुकट कशी केली रे?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

वेशभूषा स्पर्धेचं मला कौतुक नाही. २६ जानेवारीला मुलाला वारली करायचं, फुंकून वाजवायचा तारपा पुठ्ठ्याचा करून हातात द्यायचा आणि २७ तारखेला ‘नीट बोल’ म्हणून दटावायचं, यात मुलाच्या हाती काय लागलं? त्यापेक्षा पाड्यावरच्या तारपेकऱ्याला बोलवा. भोपळ्याला बांबूच्या नळ्या कशा बसवतात ते मुलं हात लावून बघतील. वाघबारशीला वाघोबाची गोष्ट पाड्यावरच्या आजीकडून ऐका. वर्गात बंजारा, पावरा, बिहारी घरचं मूल असेल तर त्याच्या आजीलाही बोलवा. मुसलमान घरची पोर असेल तर ईदच्या शिरखुर्म्याचं चित्र दिवाळीच्या पणतीशेजारी लागू द्या.

वीटभट्टीवर जाणाऱ्यांची मुलं दिवाळीनंतर दिसत नाहीत, पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यांची चित्रं भिंतीवरून उतरवू नका. परतल्यावर भट्टीवर काय पाहिलं ते सांगू द्या. विटांचा थर कसा लावतात हे त्यांच्याइतकं वर्गात कुणाला येत नाही.

ताई मला एक हमखास विचारतात: पर्यवेक्षिका आल्या आणि भिंतीवर छापील तक्ते दिसले नाहीत तर? त्यांना मुलांच्या गोलात खाली बसवा. चिंचोके द्या आणि पोरांना सांगा, बाईंना खेकडा शिकवा. नमस्कार.