टेकडीवर आधी थांबायचं कुणी? सायकल, चालणारे लोक आणि एकच पायवाट

नमस्कार मंडळी! मी आत्ता पुण्यात वेताळ टेकडीवर उभी आहे, सकाळचे पावणेसात झालेत, मागे मोर ओरडतोय तो येत असेल ऐकू, आणि आजचा विषय असा आहे की आमच्या सायकलच्या ग्रुपवर काढला तरी भांडणं आणि सकाळी चालायला येणाऱ्यांसमोर काढला तर त्याहून जास्त. टेकडीवर सायकल आणावी का, आणली तर कुठनं चालवायची, आणि समोरनं माणूस आला की थांबायचं कुणी.

शेवटच्याचं उत्तर आधीच सांगून टाकते. थांबायचं सायकलवाल्यानं. दर वेळी. तुम्ही चढत असा, उतरत असा, मोबाईलवर टायमिंग चालू असू दे, दम लागलेला असू दे, पाय खाली टेकवायचा आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. मी हे इतकं ठामपणे सांगतीये त्याला कारण आहे, आणि ते माझ्याच हातनं घडलंय.

तीन वर्षं झाली. ऑक्टोबरचा शेवट, गवत पिवळं पडलेलं, वाट कोरडी ठक्क आणि वर बारीक मुरूम सुटलेला. खाणीच्या बाजूला उतरताना एक डावं वळण आहे, घाणेरीच्या जाळीमुळे पलीकडचं काही दिसत नाही. मी तिथनं नेहमी जायचे, म्हणून वेग कमी केला नाही, आणि वळल्या वळल्या समोर एक काकू, हातात काठी, पायात कॅनव्हासचे बूट. मी दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक मुरमावरनं सरकलं, सायकल आडवी. मी त्यांना धडकले नाही, पण त्या दचकून मागे सरल्या आणि तोल जाऊन हातावर पडल्या. तळहात सोलवटला. मी बाटलीतल्या पाण्यानं त्यांचा हात धुतला, मुरमाचे कण कातडीत रुतले होते ते एकेक करून काढले, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, तू येतीयेस हे मला कळायला तरी हवं ना." ओरडल्या नाहीत. पण पुढे दोन-तीन आठवडे टेकडीवर दिसल्याच नाहीत, आणि ते माझ्या डोक्यातनं जाईना.

आता त्या वळणाचा हिशोब बघा, मी नंतर घरी बसून केला. आपण ताशी ४-५ किलोमीटरनं चालतो. मी उतारावर साधारण २५ नी असणार, म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. त्या वळणावर पुढचं दिसतं जेमतेम १० मीटर. म्हणजे माणूस दिसल्यापासून त्याच्यापर्यंत पोचायला दीड सेकंदसुद्धा नाही, त्यातला एक सेकंद माझ्या मेंदूला "अरे माणूस!" एवढं कळून बोटं ब्रेकवर जाईपर्यंतच संपला. राहिले तीन मीटर, आणि खाली घसारा, ज्यावर ब्रेक दाबला की चाक थांबतं पण सायकल थांबत नाही. ताशी १० नी आले असते तर त्याच एका सेकंदात तीन मीटरपेक्षा कमी गेले असते आणि थांबायला सात मीटर उरले असते. इतका सरळ हिशोब आहे हा. आणि चालणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर सायकलला आवाजच नसतो, गाडी निदान लांबनं ऐकू येते.

हे भांडण आपल्याकडचंच आहे असं नाही, माउंटन बाइकच्या जन्मापासनं ते चालू आहे. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे, तिथल्या पोरांनी १९७६ मध्ये जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातल्या एका कच्च्या रस्त्यावरनं खाली शर्यती लावल्या, नाव होतं रीपॅक. नाव का तसं, तर त्या सायकलींना मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक असायचा, एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून परत ग्रीस भरायला लागायचं. तिथनं हा खेळ वाढला, आणि त्याच भागात, माउंट टॅमलपायसच्या परिसरात, सायकलला अरुंद पायवाटांवर बंदी आली, रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैल म्हणजे आपले २४ किलोमीटर अशी मर्यादा आली, आणि आंधळ्या वळणावर किंवा कुणाला ओलांडताना ५ मैल, म्हणजे ताशी ८ किलोमीटर. तिथले रेंजर रडार घेऊन उभे राहिलेत सायकलवाल्यांसाठी. जिथे हा खेळ जन्मला तिथेच! कॅलिफोर्नियात अशा वाटा बंद व्हायला लागल्या तेव्हा १९८८ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन इंबा काढली, इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, आणि त्यांच्या नियमांत हे स्पष्ट आहे की वाट द्यायची ती सायकलवाल्यानं.

आता हक्काचं बोलू, कारण आपल्यात बरेच जण म्हणतात "टेकडी काय त्यांच्या बापाची आहे का". नाही, पण आपलीही त्या अर्थानं नाही. प्रत्येक देशानं याचं उत्तर वेगळं काढलंय. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीनं वावरायचा हक्क दिला आणि त्यात सायकल धरली. शेजारच्या इंग्लंडमध्ये तसं नाही, तिथे नुसत्या पायवाटेवर सायकलला हक्क नाही, घोड्यांच्या वाटेवर मात्र १९६८ च्या कायद्यानं परवानगी आहे, आणि त्याच कलमात लिहिलंय की सायकलवाल्यानं पायी माणसाला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची. अमेरिकेत १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यात, म्हणजे राखून ठेवलेल्या रानांच्या कायद्यात, यांत्रिक वाहतूक नको असं म्हटलंय, १९८४ मध्ये तिथल्या वनखात्यानं नियमात सायकलचं नाव घालून टाकलं, त्यामुळे अशा सुमारे ११ कोटी एकर जमिनीवर सायकल बंद.

आणि आपल्याकडे? आपल्या टेकड्यांची मालकीच तुकड्यातुकड्यांची आहे, काही वनखात्याची, काही महापालिकेची, काही संस्थांची, काही खाजगी. तळजईच्या बाजूचं पाचगाव पर्वतीचं जंगल वनखात्याचं आहे, आणि राखीव वनाला भारतीय वन अधिनियम, १९२७ लागतो, त्याच्या कलम २६ मध्ये राखीव वनात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा धरलाय. सायकल नको असं त्यात म्हटलेलं नाही, पायी चालायला हरकत नाही असंही नाही. आपण सगळे तिथे वहिवाटीनं जातो, कुणी अडवत नाही म्हणून. आता चालणाऱ्यांची वहिवाट पिढ्यांची आहे, वेताळबाबाला येणारे, गुरं चारणारे, सरपणाला येणाऱ्या बायका, सकाळचे आजी-आजोबा. आपली फार तर पंधरा-वीस वर्षांची. उद्या कुणी तक्रारींचा गठ्ठा घेऊन गेलं आणि गेटवर "सायकल नेण्यास सक्त मनाई" अशी पाटी लागली, तर आपल्या हातात दाखवायला कागदाचा तुकडा नाहीये. हे ऐकायला आवडत नाही मला माहितीये, पण टेकडीवर येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हे माहिती पाहिजे.

बरं, दुसरी तक्रार असते की सायकलनं टेकडी झिजते. इथे मी चालणाऱ्यांशी थोडं वाद घालणारे. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर विल्सन आणि सेनी या दोघांनी प्रयोग केला होता (निष्कर्ष १९९४ मध्ये छापले), माणसं, घोडे, मोटरसायकल आणि सायकल, कशानं किती माती सुटते ते मोजायचा, आणि भिजवलेल्या वाटेवर सगळ्यात जास्त माती सोडवली खुरांनी आणि पायांनी, चाकांनी त्याहून कमी. कॅनडात थर्स्टन आणि रीडर यांनी जंगलात चालणं आणि सायकल यांची तुलना २००१ मध्ये प्रसिद्ध केली, झाडोऱ्यावरच्या परिणामात दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तेव्हा "सायकल आली की टेकडी गेली" हे काही खरं नाही.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. हे बघा. (कॅमेरा खाली, वाटेवर.) हा मागच्या पावसातला माग आहे. बुटाचा ठसा कसा असतो, खड्डा, त्यात पाणी साचतं आणि तिथल्या तिथे जिरतं. टायरचा ठसा म्हणजे सलग रेघ. ही रेघ सरळ उताराला पडली की पाण्याला आयतं पन्हाळं मिळतं, पहिल्या पावसात बोटभर, दुसऱ्यात वीतभर, आणि हा बघा ओघळ, माझी पूर्ण चप्पल आत जातीये, खालचा कातळ उघडा पडलाय. आणि मागचा ब्रेक लॉक करून चाक फरफटवत उतरणं, ज्याचे आपण रील टाकतो, ते म्हणजे नांगर धरल्यासारखं आहे. आपल्या टेकड्यांवर माती असते किती, कातळावर जेमतेम वीतभर, ती एकदा मुळा-मुठेला गेली की गेली. म्हणून जून ते सप्टेंबर, वाट मऊ असेल तर मी टेकडीवर चाक घालत नाही. सोप्पी परीक्षा आहे, बूट दाबून बघा, ठसा उमटला तर परत फिरा, डांबरी रस्ता आहे की.

वाट कशी असावी याचंही एक गणित आहे, आणि ते आपल्या गुराख्यांना कुणी न शिकवता येतं. वाट बांधणारे लोक म्हणतात की वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, म्हणजे डोंगर ३० टक्के असेल (शंभर मीटर आडवं गेलं की तीस मीटर उंची) तर वाट १५ च्या आत, आणि सरासरी १० टक्क्यांच्या आसपास ठेवली तर ती टिकते. म्हणजे आडवी, डोंगराला वळसा घालून जाणारी. कुठलीही जुनी ढोरवाट बघा, अशीच असते, पाणी तिच्यावरनं आडवं निघून जातं, तिच्या लांबीनं वाहत नाही. ती सोडून दोन वळणांच्या मधनं सरळ शॉर्टकट मारतो तो आपण, आणि खरं सांगू, तो पायी उतरणारे पण मारतात, तेव्हा हे दोघांनाही सांगतीये. टेकड्यांवर पाणी जिरवायला खणलेले सलग समतल चर असतात, त्यांच्या बांधावर उडी मारायला रॅम्प करू नका. तो बांध फुटला की एका पावसाचं पाणी एकाच जागेतनं खाली येतं.

आणि मार्चपासनं पुढे वाट सोडून गवतात अजिबात शिरू नका. टिटवी उघड्यावर, खड्यांच्या मधे अंडी घालते, बहुतेक चार, रंग असा की दोन फुटांवरनं दिसत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजायचं जवळच आहेत, उतरायचं, आल्या वाटेनं सायकल हातात धरून मागे जायचं.

मग करायचं काय? वेळ वाटून घेणं मला सगळ्यात पटतं. अमेरिकेत लेक टाहोभोवती एक लांब वाट आहे, तिच्या गर्दीच्या एका टप्प्यात सायकलला फक्त सम तारखांना परवानगी आहे, विषम तारखेला चालणारे निर्धास्त. आपल्याकडे तारखा नकोत, लक्षात राहणार नाहीत, पण सकाळी साडेआठपर्यंत अरुंद पायवाटा चालणाऱ्यांच्या आणि सायकल फक्त रुंद वाटेवर, एवढं आपल्या आपण पाळायला कुणाची परवानगी लागते? आमच्या सहा-सात जणांनी हे गेल्या वर्षीपासनं सुरू केलंय. सुरुवातीला दोघं कुरकुरले, ऑफिस असतं, साडेआठनंतर कसं जमणार, त्यांचं चुकत नव्हतं, ते आता पहाटे अरुंद वाटेऐवजी रुंद रस्त्यानं चढतात आणि रविवारी उशिरा येतात.

बॅटरीच्या सायकलींबद्दल कमेंटमध्ये विचारतात म्हणून पटकन, २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आत वेग असेल तर ती मोटर वाहनात धरली जात नाही, त्याच्या वर गेलात तर ती गाडीच, आणि गाडीचं टेकडीवर काही काम नाही.

२०२३ मध्ये टेकडीवरनं काढायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात टेकडीसाठी मोर्चा निघाला तेव्हा मी पण होते, आणि माझ्या शेजारी कोण चालत होतं माहितीये? माझ्यावर दोनदा ओरडलेले एक काका. घोषणा देऊन घसा बसला त्यांचा, मी पाणी दिलं. त्यांनी ओळखलं मला, म्हणाले, "तू ती सायकलवाली ना?" म्हटलं हो. टेकडी राहिली तर भांडायला जागा तरी राहील, असं म्हणाले ते, आणि आम्ही पुढे चालायला लागलो.

त्या काकूसुद्धा परत यायला लागल्या. त्यांचं "कळायला तरी हवं" मी फार दिवस डोक्यात घेऊन फिरत होते. हॅन्डलची घंटी आपण वाजवली तर वाजते, आणि वळणावर नेमकी बोटं ब्रेकवर असतात. मग एके दिवशी मंडईच्या मागे बैलांचा साज विकणाऱ्याकडे हे मिळालं. (हॅन्डल कॅमेऱ्याजवळ.) बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. पितळी आहे, चामड्याच्या वादीनं हॅन्डलच्या खाली बांधलंय, खडबडीत वाटेवर आपोआप वाजतं, मला काही करायला लागत नाही. आता काकू लांबनंच ऐकतात आणि जाळीच्या अलीकडे थांबून काठी वर करतात, मी पाय टेकते, त्या जातात, मग मी जाते.

साडेआठ व्हायला वेळ आहे, त्यामुळे मी रुंद वाटेनंच उतरतीये. कॅमेरा हेल्मेटवर लावते. आवाज जरा वाढवा, घुंगरू किती लांबनं ऐकू येतंय ते बघा.