बाबांची लेन्स आणि फुललेली सावर

(पडद्यावर: पहाट. सिंहगडाची काळी कड आणि तिच्यावर टीव्हीचा मनोरा.)

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. सकाळचे सव्वासहा. सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीच्या जरा अलीकडे गाडी लावली, तेव्हा बोटं गारठली होती. दुपारी इथंच ऊन चटके देणार. सकाळी स्वेटर आणि दुपारी टोपी, असे हे दिवस.

आम्ही तिघं. प्रत्येकाच्या पिशवीत एक लेन्स आणि त्या लेन्सबद्दल मनात एक शंका. मित्राकडे 150 ते 600 मिलिमीटरची झूम आहे, खास पक्ष्यांसाठी घेतलेली. सहाशेला फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट, येतात, म्हणून तो ती विकायला निघालाय. मैत्रिणीकडे 35 मिलिमीटरची, सेकंडहँड. फोटोची एक बाजू कायम पुसट येते, असं तिला वाटतं. आणि माझ्याकडे बाबांची सुपर टाकुमार. 50 मिलिमीटर, एफ 1.4. एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं आतलं तोंड, मोठं. त्यांच्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिक या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरची.

(पडद्यावर: उजाडतंय. माळावर एकटी काटेसावर. पान एकही नाही, फांद्याफांद्यांवर लाल फुलं.)

लेन्स तपासायला इतक्या लांब कशाला यायचं? घरात भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवूनही तपासता येते, आम्ही तेही केलंय. पण वर्तमानपत्रापेक्षा ही सावर फार कडक परीक्षक आहे. या दिवसांत तिची पानं गळलेली असतात. पांढुरक्या आकाशावर काळ्या, बारीक डहाळ्या. लेन्समध्ये काही कमी असेल, तर ते या डहाळ्यांच्या कडांवर लगेच उमटतं. शिवाय फुलांचा लाल रंग असा भडक, की कॅमेरा गडबडतो. पाकळी जाड, मांसल, तिच्यावर नाजूक शिरा. पण लाल रंगाची माहिती काठोकाठ भरली की त्या शिरा गायब होतात आणि उरतो नुसता लाल डाग. कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) बघायचा, त्यातला लाल वेगळा बघायचा आणि उजेड थोडा कमी घ्यायचा. पळसाच्या फुलांनाही हेच लागू.

साडेसात. ऊन सावरीच्या शेंड्यावर आलं आणि भोरड्यांचा थवा उतरला. गुलाबी अंग, काळं डोकं. यांनाच पळसमैना म्हणतात. हिवाळ्यातल्या पाहुण्या, आता परतीच्या वाटेवर. फुलात चोच खुपसली की कपाळाला पराग लागतात.

मित्राने झूम ट्रायपॉडवर चढवली. भोरडी एका जागी थांबत नाही, म्हणून आधी नेम धरला खोडावरच्या काट्यांवर. सहाशे मिलिमीटर, पूर्ण उघडं ॲपर्चर, स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर. फोटो मोठा करून बघितला. काट्याचं टोक, त्याखालची सालीची भेग, भेगेत चालणारी मुंगी! मुंगीचे पाय मोजता येत होते.

तो काही बोलला नाही. पुन्हा एक काढला. तोही तसाच लख्ख.

(पडद्यावर: तोच काटा, तीच चौकट. कोपऱ्यात वेळ: 11 वाजून 5 मिनिटं.)

अकराला आम्ही मुद्दाम त्याच जागी उभे राहिलो. ट्रायपॉडचे पाय कुठे होते, तिथे दगड ठेवून खुणा केल्या होत्या. तीच लेन्स, तोच काटा, तेच अंतर. आणि फोटो मऊ! मुंगीचं सोडाच, भेगही धड दिसेना. जमीन तापली होती, तिच्यावरची हवा थरथरत होती. गरम हवेतून आणि गार हवेतून प्रकाश सारखा वळत नाही. अशा हवेचे थर हलत राहिले की चित्र पाण्यातून पाहिल्यासारखं होतं, आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकं ते जास्त जाणवतं. मित्र पक्षी टिपायला जायचा तो न्याहारी उरकून, दहानंतर. सहा महिने बिचाऱ्या काचेला बोल लागत होता. विक्रीची जाहिरात त्याने तिथेच, माळावर उभं राहून काढून टाकली.

मैत्रिणीची शंका मात्र खरी ठरली. तिने गडावरचा तो मनोरा आळीपाळीने चौकटीच्या चारही कोपऱ्यांत धरला आणि चार फोटो काढले. तीन कोपऱ्यांत लोखंडी सांगाडा स्वच्छ. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात दुहेरी, पुसट. एफ 8 ला थोडा सुधारला, पण गेला नाही. चारही कोपरे सारखेच मऊ असते, तर लेन्सची घडणच तशी म्हणून सोडून देता आलं असतं. एकच कोपरा बिघडतो, तेव्हा बहुतेक वेळा आतली एखादी काच मध्यापासून सरकलेली किंवा कललेली असते. तिला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही. इतके दिवस ती स्वतःच्या हाताला दोष देत होती.

(पडद्यावर: तळहातावर टाकुमार. काचेत सावरीचं उलटं प्रतिबिंब.)

आता बाबांची लेन्स. ही कपाटातून काढली तेव्हा चहासारखी पिवळी झाली होती. बुरशी असेल असं वाटलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला कितीसा वेळ लागतो? पण बुरशी जाळ्यासारखी दिसते. हा पिवळेपणा सगळीकडे सारखा होता. त्या काळात काही काचांमध्ये थोरियम मिसळत. त्यामुळे काच प्रकाश जास्त वळवते, पण रंग फारसे फाकत नाहीत. थोरियम किंचित किरणोत्सारी, त्यानेच काच वर्षानुवर्षं आतून पिवळी पडते. उतारा सोपा आहे: ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळेपणा उतरतो. बारा दिवस रोज सकाळी लेन्स गच्चीवर ठेवली, खाली ॲल्युमिनियमची फॉइल, आणि मी शेजारी बसून. भिंगातून ऊन एकवटलं तर खालचं काहीही पेटू शकतं, म्हणून तिला एकटं सोडलं नाही. तेराव्या दिवशी पांढऱ्या कागदावर धरली, तर रंग लिंबाच्या सरबताइतका उरला होता.

42 मिलिमीटरच्या आट्यांचा अडॅप्टर लावून ती नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली. फोकस हाताने. फोकसच्या रिंगची फिरकी इतकी मऊ, की बोट आपोआप सावकाश होतं. खाली वाकलेल्या फांदीवरच्या फुलापासून मी पाऊण मीटरवर उभा होतो. 1.4 ला मागच्या डहाळ्यांना जांभळी कड आली, फुलावर दुधाळ झाक आली. 2.8 ला कड जवळजवळ गेली. 5.6 ला शिरान् शीर मोजून घ्या. नियमाने बघितलं तर 5.6 चा फोटो जिंकला. पण मला 1.4 चाच हवा होता. त्यात फूल आतून उजळल्यासारखं दिसत होतं.

संध्याकाळी बाबांना स्क्रीनवर तो दाखवला. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ बघत राहिले.

“कितीवर ठेवलं होतंस?”

“एक पॉइंट चार.”

“उघडीच घेतलीस होय. दोन-आठला घेऊन बघायचा रे एकदा.”

तोही होता. पुढचाच.