एका दिवसाचा भाव

(स्थापत्य अभियंते, ठेकेदार आणि डिप्लोमाचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवातीलाच एक विचारते. सभागृहात ठेकेदार किती आहेत? बरेच हात आहेत. आता असं करा, आपल्या चालू साइटचा एक दिवस आपल्याला कितीला पडतो हे ज्यांना सांगता येईल, त्यांनीच हात वर ठेवा. सिमेंटचा भाव विचारत नाहीये, सळईचाही नाही. दिवसाचा. त्या दिवशी एक वीटसुद्धा लागली नाही तरी जो खर्च होतो तो. सुपरवायझरचा पगार, भाड्याची सेंट्रिंग (स्लॅबचे साचे आणि टेकू), वॉचमन, साइट ऑफिसची वीज, बँकेचं व्याज... झालं, एकच हात उरला. आणि ते गृहस्थ बहुधा अकाउंटंट आहेत.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बांधकामाची मुदत घटवताना वेळ आणि खर्च यांचा मेळ’. माझं म्हणणं त्या मानानं फार लहान आहे. दिवसाचा भाव माहीत नसताना लोक दिवस विकत घ्यायला निघतात, आणि मग भलत्याच दुकानात पैसे मोजून येतात. गणित शेवटी मांडणार आहे, त्यासाठी फळाही मागवलाय. त्याआधी एक हकीकत. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी ती इतक्यांदा ऐकलीय, की ते आत्ता चहाला उठून गेले तरी मी मनावर घेणार नाही.

एका गावात नाट्यगृह बांधायचं होतं. गाव कुठलं ते सांगत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांना ते आपलंच वाटणार, त्याला माझा इलाज नाही. उद्‌घाटनाची तारीख ठरली, पाहुणे ठरले, पत्रिका छापून आल्या, आणि काम दीड महिना मागे. मी ठेकेदाराकडे प्लॅनिंग बघत होते. बैठक बोलावली. संस्थेचे पदाधिकारी म्हणाले, “मॅडम, माणसं वाढवा. पैशाची काळजी करू नका.” हे वाक्य ज्यानं उच्चारलं त्याच्याकडून फायनल बिल वेळेवर आलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही, पण ते असो.

टेबलावर माझा चार्ट पसरलेला होता. त्यात काम अडलं होतं एसीच्या डक्टिंगवर, म्हणजे थंड हवा खेळवणाऱ्या नळ्यांवर. डक्ट टाकल्याशिवाय फॉल्स सीलिंग नाही, सीलिंगशिवाय भिंतीवरचे ध्वनिरोधक पॅनेल नाहीत, पॅनेलशिवाय कार्पेट नाही, आणि कार्पेटशिवाय खुर्च्या नाहीत. आणि डक्टचं ड्रॉइंग कुणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडलेलं. बाहेरच्या गिलाव्याला मात्र तीन आठवड्यांचा फ्लोट होता. म्हणजे तो तीन आठवडे रेंगाळला असता तरी उद्‌घाटनाला धक्का लागला नसता.

माणसं कुठे वाढली असतील? गिलाव्यावर! कारण गवंडी मिळतात. मुकादमाला फोन केला की दुसऱ्या दिवशी ट्रकमधून उतरतात. शिवाय गिलावा दिसतो. पदाधिकारी गाडीतून उतरले की परातींचा खणखणाट, रात्री हॅलोजनचा उजेड, सगळीकडे काम चाललंय असं वाटतं. ड्रॉइंगवर सही करणारा माणूस एकच असतो, त्याला दुसऱ्या पाळीत बोलावता येत नाही आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही.

ओव्हरटाइम सुरू झाला. बांधकाम मजुरांसाठी तेव्हा १९९६चा केंद्राचा कायदा होता, त्यात जादा वेळेला दुप्पट मजुरी लिहिलेली होती. ती किती साइटवर खरोखर मिळते, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय, आणि त्याला तुम्ही मला बोलावणार नाही. दुप्पट मजुरी दिली तरी दहाव्या तासाला गवंड्याचा हात पहिल्या तासासारखा चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. दर वाढतो आणि उत्पादन घटतं, दोन्ही एकदम.

गिलावा मुदतीच्या कितीतरी आधी संपला. संस्थेनं मुकादमाला शाल-श्रीफळ दिलं. मग सही झाली, डक्ट आला, आणि असं निघालं की भिंतीत त्याच्यासाठी जागाच सोडलेली नाही. हातोडे आले. नवाकोरा गिलावा फोडला आणि पुन्हा केला. म्हणजे त्या भिंतीचे पैसे तीनदा गेले, एकदा ठरल्या दरानं, एकदा ओव्हरटाइमचे, एकदा दुरुस्तीचे. उद्‌घाटन ठरल्या तारखेला झालं. एसी चालू नव्हता. पाहुणे पत्रिकांनीच वारा घेत होते, तेवढा छपाईचा खर्च तरी वसूल झाला.

पुढचं ऐका. उद्‌घाटनानंतर नाट्यगृहाला कुलूप लागलं आणि उरलेलं काम कित्येक महिने चाललं. कुठल्या नाटक कंपनीचं बुकिंग अडलेलं नव्हतं, भाडं बुडत नव्हतं. त्या घाईतला एकेक दिवस संस्थेला काय देऊन गेला? बाजारभावानं बघितलं तर काहीही नाही. मी हे अहवालात लिहिलं. वरून शेरा आला, “प्लॅनिंग विभागाने अधिक सकारात्मक दृष्टिकोन ठेवावा.” तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. वीस मिनिटं उरलीत. म्हणजे आता माझंच वेळापत्रक क्रॅश करायला हवं, मुदत दाबण्याला आमच्या भाषेत क्रॅश म्हणतात.

विद्यार्थ्यांसाठी थोडा इतिहास. क्रिटिकल पाथ, म्हणजे एकमेकांवर अडलेल्या कामांची सगळ्यात लांब वाट, जी पूर्ण मुदत ठरवते. ती तुम्ही परीक्षेला शिकता, गोल काढता, बाण काढता, सगळ्यात लांब वाट शोधून तिच्याखाली दोन रेघा मारता आणि मार्क घेता. ही पद्धत १९५७च्या सुमाराला अमेरिकेत ड्यू पाँ या रसायन कंपनीत जन्मली. कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडचे जेम्स केली या दोघांनी ती युनिव्हॅक संगणकावर बसवली. त्यांना ‘सगळ्यात लांब वाट कोणती’ एवढंच शोधायचं नव्हतं. कमीत कमी जादा खर्चात मुदत किती घटवता येईल, हा त्यांचा मूळ प्रश्न. पुढे वापरात खर्चाची बाजू मागे पडली, कारण एकेका कामाचा घाईतला खर्च कुणी लिहूनच ठेवत नव्हतं. आज आपल्या लॅपटॉपवर रंगीत पट्ट्या आहेत, आणि त्या पट्ट्यांमागे पैशाचा आकडा बहुतेक वेळा नसतोच.

आकडा असला की काय होतं? १९९४च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ भूकंप झाला आणि सँटा मोनिका महामार्गाचे पूल कोसळले. रस्ता बंद राहिला तर शहराचं दिवसाला सुमारे दहा लाख डॉलरचं नुकसान होतं, असा अंदाज सरकारनं आधी काढला. मग करारात लिहिलं की मुदतीआधीच्या प्रत्येक दिवसाला २ लाख डॉलर बक्षीस आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला तेवढाच दंड. मुदत १४० दिवसांची होती. ठेकेदारानं ७४ दिवस आधी काम संपवलं आणि सुमारे दीड कोटी डॉलर बक्षीस नेलं. पेपरांतून ओरड झाली, पण हिशेब बघा, दहा लाखांची वस्तू सरकारला दोन लाखांत मिळाली. आपल्याकडच्या टेंडरात दंडाचं कलम हमखास असतं. बक्षिसाचं शोधावं लागतं.

आपलं उदाहरण कोकण रेल्वेचं. महामंडळ १९९०चं, प्रमुख ई. श्रीधरन. बराचसा पैसा रोख्यांतून उभा केलेला, म्हणजे गाडी धावो न धावो, व्याज चढतंच. दिवसाचा भाव तिथे रोज समोर दिसत होता. उलटी मोजणी करणारी घड्याळं लावली होती. ठेकेदारांची बिलं अडवून ठेवायची नाहीत, हा श्रीधरन यांचा शिरस्ता. (टाळ्या.) टाळ्या कुठल्या रांगांतून आल्या ते कळलं. कठीण कातळातल्या बोगद्यांसाठी स्वीडनहून यंत्रं आणली, ती महाग होती, पण त्यांनी दिवस वाचवले. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मात्र मऊ, पाण्यानं भिजलेली माती लागली. तिथे ती यंत्रं निरुपयोगी होती. हातानं, इंचाइंचानं खोदायचं, वरून माती ढासळायची. माणसं दगावली. त्या एका बोगद्यानं वर्षं खाल्ली. सलग मार्ग सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडलं. तिथे पैशानं दिवस मिळतच नव्हते.

आता फळा. भरभर सांगते, उतरवून घ्या.

खर्च दोन जातींचे. मजुरी, माल, यंत्र यांचा थेट खर्च मुदत दाबली की वाढतो. सुरुवातीला विचारला तो दिवसाचा खर्च मुदत दाबली की घटतो. दोघांची बेरीज जिथे सगळ्यात कमी, ती योग्य मुदत. प्रत्येक कामाचा उतार काढायचा, म्हणजे घाईतला खर्च वजा नेहमीचा खर्च, भागिले वाचलेले दिवस.

समजा साइटचा दिवस ४०,००० रुपयांना पडतो. क्रिटिकल वाटेवर खोदाई आहे, ती दोन दिवस दाबता येते, दिवसाला १५,००० जादा. भाड्यानं सेंट्रिंगचा दुसरा संच आणला तर स्लॅबचं काम चार दिवस दाबता येतं, दिवसाला ३०,००० जादा. आधी स्वस्त. खोदाईचे दोन दिवस घ्या, ५०,००० वाचले. मग सेंट्रिंगचे तीन दिवस, ३०,००० वाचले. आता लिफ्टची दुसरी वाटही तितकीच लांब झाली, म्हणजे तीही क्रिटिकल. सेंट्रिंगचा चौथा दिवस हवा तर दोन्ही वाटा दाबा, ३०,००० अधिक लिफ्टचे २५,०००, एकूण ५५,०००. चाळीस हजारांच्या दिवसाला पंचावन्न कोण देतो? थांबा तिथेच. पाच दिवस, ८०,००० फायदा.

पण करारात उशिराला रोज २०,००० दंड असेल आणि तुम्ही अजून मुदतीबाहेर असाल, तर तुमचा दिवस ६०,००० चा झाला. मग पंचावन्नात घेतलेला चौथा दिवसही फायद्याचा. काम तेच, मजूर तेच, दिवसाचा भाव बदलला म्हणून उत्तर बदललं. आणि बघा, या हिशेबात गिलावा कुठेच आला नाही.

एक शेवटचं, हे मात्र घाईत नाही. काँक्रीटला उतार नसतो, म्हणजे जादा पैसे मोजून त्याचे दिवस विकत मिळत नाहीत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायला सांगितलेत. सहा मीटरहून लांब बीमला २१ दिवस. पाणी मारणं किमान ७ दिवस, आणि फ्लाय अ‍ॅशसारखं मिश्रण असलेल्या सिमेंटला १०. टेकू लवकर काढून पुढच्या मजल्यावर नेणारे महाभाग मी पाहिलेत, आणि ‘मॅडम, काही होत नाही’ हेही ऐकलंय. ती माणसं खालच्या मजल्यावर स्वतः उभी राहत नाहीत.

अध्यक्ष उभेच राहिलेत. दोन कामं एकमेकांवर चढवून चालवण्याबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. प्रश्न असतील ते चहाच्या टेबलावर विचारा. आणि फळा पुसायच्या आधी त्या अकाउंटंट साहेबांनी बेरीज तपासून घ्यावी.