बुलपेनचं दार: वॉशिंग्टन नॅशनल्स, २०१९

[दृश्य: स्कोअरबोर्ड, न्यू यॉर्क]

२३ मे २०१९. न्यू यॉर्क मेट्सकडून लागोपाठ चौथा पराभव. वॉशिंग्टनच्या बेसबॉल संघाचा, नॅशनल्सचा हिशेब: ५० सामने, १९ विजय, ३१ पराभव. स्टार फलंदाज ब्राइस हार्पर फिलाडेल्फियाला निघून गेलेला, पिचिंग कोचची (चेंडू टाकणाऱ्यांच्या प्रशिक्षकाची) महिन्याच्या सुरुवातीलाच उचलबांगडी झालेली. आता मॅनेजर डेव्ही मार्टिनेझचा नंबर, अशी कुजबुज.

दुखणं एका ठिकाणी होतं. बुलपेन.

बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) एकदा बदलला की त्या सामन्यात परत येत नाही. आपल्या क्रिकेटसारखा दुसरा स्पेल नाही. सुरुवात करणारा पिचर साधारण शंभर चेंडू टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. सामन्यात नऊ इनिंग, प्रत्येकीत दोन्ही संघांची एकेक पाळी. सहाव्या-सातव्या इनिंगनंतरचं ओझं राखीव पिचरांवर, आणि ते जिथे खांदे गरम करतात ती जागा म्हणजे बुलपेन. मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग आणि सहा वर्षांसाठी १४ कोटी डॉलर मोजून आणलेला पॅट्रिक कॉर्बिन: सुरुवातीला असं त्रिकूट. पण बुलपेन हंगामभरात दर नऊ इनिंगमागे साडेपाचाहून जास्त रन्स देत राहिलं. त्यांच्या गटात, नॅशनल लीगमध्ये, याहून वाईट कुणीच नव्हतं.

[दृश्य: शर्झरचा काळानिळा डोळा]

जूनमध्ये गाडी रुळावर आली. सरावात बंट करताना (बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवताना) चेंडू आदळून शर्झरचं नाक मोडलं. दुसऱ्याच दिवशी त्याने फिलाडेल्फियाविरुद्ध सात इनिंग टाकल्या, एकही रन न देता. ३१ जुलैला तीन राखीव पिचर घेतले. त्यातल्या रोएनिस इलियासला फलंदाजीला पाठवताना बॅट फिरवू नकोस, असं बजावलेलं. त्याने फिरवली, पहिल्या बेसकडे धावला आणि मांडीचा स्नायू दुखावून बसला. आणलेल्या औषधाची बाटलीच फुटावी, तसं झालं. टोरोंटोहून आलेला डॅनियल हडसन मात्र टिकला.

३ सप्टेंबरला मेट्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये बुलपेनने पाच रन्स दिले, धावफलक ४-१०. मग त्याच इनिंगमध्ये फलंदाजांनी सात काढून ११-१० असा सामना खेचला. असा विजय रोज मिळत नसतो. हंगाम ९३-६९ वर संपला.

[दृश्य: ऑक्टोबर, बुलपेनचं दार उघडतं]

प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, सामन्यांच्या मध्ये मोकळे दिवस असतात. मार्टिनेझने तेच वापरले: सुरुवातीचे पिचरच राखीव म्हणून आणायचे. मिलवॉकीविरुद्ध शर्झरनंतर थेट स्ट्रासबर्ग, तीन इनिंग. आठव्या इनिंगमध्ये १-३ अशी पिछाडी असताना हुआन सोटोचा फटका उजव्या क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हखालून निसटला आणि बेसवरचे तिघेही घरी पोचले: तीन रन्स. ४-३. पुढे लॉस एंजेलिस डॉजर्सना पाच सामन्यांत हरवलं, सेंट लुईसला चार सरळ सामन्यांत.

अंतिम मालिका ह्यूस्टन अॅस्ट्रोजशी. १०७ विजयांचा संघ. सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले. नॅशनल्स घरच्या तिन्ही सामन्यांत हरले.

[दृश्य: स्ट्रासबर्गचा ग्लोव्ह, जवळून]

सहाव्या सामन्यात स्ट्रासबर्गने पहिल्याच इनिंगमध्ये दोन रन्स दिले. ग्लोव्हमध्ये चेंडूची पकड घेताना होणाऱ्या हालचालीतून पुढचा चेंडू उघड होत होता. कोच पॉल मेनहार्टने त्याला सावध केलं. मग तो प्रत्येक चेंडूआधी ग्लोव्ह हलवत राहिला; पकड कोणतीही असो, हालचाल तीच. नवव्या इनिंगपर्यंत टिकला, आणखी एकही रन दिला नाही.

सातवा सामना, ३० ऑक्टोबर. मानेच्या कळेमुळे पाचवा सामना हुकलेला शर्झर इंजेक्शन घेऊन पाच इनिंग ओढतो. ०-२. सातव्या इनिंगमध्ये अँथनी रेंडोनचा होम रन (थेट मैदानाबाहेरचा फटका), सोटोला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस), मग हाऊवी केंड्रिकचा फटका उजवीकडच्या फाउल पोलवर, सीमेच्या खांबावर: तोही होम रन. ३-२. नियमित राखीव पिचरांना बसवून कॉर्बिन तीन इनिंग टाकतो.

शेवटची इनिंग हडसनची. ६-२, दोन बाद, समोर मायकल ब्रँटली. बॅट हवेत फिरते, चेंडू हुकतो: तिसरा बाद, अजिंक्यपद. हडसन ग्लोव्ह भिरकावून देतो.