खारे कुठे संपते ते आधी विचारा

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'गोड्या पाण्यातील मासेमारी : सहलीचे नियोजन'. हे शीर्षक आपल्या वाचनालयाच्या चिटणीसांचे. मी फोनवर एवढेच म्हणालो होतो की गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला, जाण्याबद्दल चार गोष्टी सांगेन. नियोजन म्हटले की वर्गणी आली, आणि वर्गणी आली की माझे अर्धे सोबती गळतात. (हशा)

मुळात गोड्या पाण्यातल्या माशाला आपल्याकडे विचारतो कोण? पिशवीत मरळ घेऊन घरी या, उंबऱ्यावरच ऐकाल, 'चिखलाचा वास येतो, मागच्या दारी ठेवा.' गोवा सरकारने २०१६ साली राज्यमासा निवडला तोही शेवटो, म्हणजे बोई. खाऱ्यातही पोहतो, गोड्यातही. जिकडे सोय तिकडे! (हशा) मी कुणाचे नाव घेतलेले नाही हं, उगाच माझ्याकडे बघू नका.

पण हसण्यावारी नेऊ नका, माझा मुद्दा त्या शेवट्यातच आहे. गोव्यात गोड्या पाण्याची हद्द नकाशावर सापडत नाही. ती वर्षभर सरकत असते. पावसाळ्यात मांडवी पणजीपर्यंत जवळजवळ गोडी होते, आणि पाऊस गेला की खारे पाणी हळूहळू वर चढायला लागते. भरती तर मुखापासून पन्नासेक किलोमीटर आत, पार गांजेपर्यंत पोचते. म्हणून जागा ठरवायच्या आधी विचारायचे ते हे : या महिन्यात इथे खारे कुठवर आलेय?

हे शहाणपण मला कसे आले ते सांगतो. माझा मेहुणा पुण्याचा. मोबाइलवर महासीर या मोठ्या नदीमाशाचे व्हिडिओ बघून बघून त्याने घसघशीत पैसे मोजून रॉड घेतला. दुकानदाराने 'खास नदीसाठी' म्हणून रंगीत प्लॅस्टिकचे बेडूकही गळ्यात मारले. मे महिना, आम्ही गांजेच्या बाजूला. दोन्ही काठांना झाडी, समुद्राचा मागमूस नाही. मेहुणा म्हणाला, 'भाऊजी, हे शंभर टक्के गोडे पाणी.' मीही जाणत्यासारखी मान हलवली. तासभर बेडूक फेकून झाले. मग मी माझी साधी गरी काढली, गांडूळ लावले, वर बूच. बूच पाण्यावर टेकले आणि निघाले सह्याद्रीच्या दिशेने! मी काढून पुन्हा टाकले, पुन्हा तेच. मेहुणा म्हणे, खाली मोठा मासा ओढतोय.

काठावर एक म्हातारा पागेर, म्हणजे फेकजाळे, झटकत बसला होता. मघापासून आमचा तमाशा बघत असावा. म्हणाला, 'पात्रांव, न्हंय फाटीं वता, आनी तुमी फुडें पळयतात!' म्हणजे, साहेब, नदी मागे चाललीय, आणि तुम्ही पुढे बघताय! भरती चढत होती. पेपरातली वेळ मी सकाळी वाचली होती, पण ती किनाऱ्यावरची. इतक्या आत भरती उशिरा पोचते, हे मला साठी जवळ आली तेव्हा कळले.

एवढ्यात मेहुण्याच्या गरीला काहीतरी लागले. ओरडाआरडा, फोटो. वर आला वीतभर शेंगाळो, म्हणजे शिंगाडा मासा, मिशा फेंदारून कुरकुरणारा. मी 'थांब, थांब' म्हणेपर्यंत त्याने मुठीत धरला, आणि पाठीवरचा काटा अंगठ्यात पार आत. शेंगाळो म्हणजे खाऱ्याचा पाहुणा. नदी कुठवर खारी आहे ते मेहुण्याच्या अंगठ्यावर लिहून गेला. कोपरापर्यंत कळ. परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द नाही, आणि बेडूक अजून माझ्या माळ्यावर आहेत. कुणाला हवे असतील तर...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' बरे, आता नियोजन.

हमखास गोडे पाणी हवे तर धरणे आणि तळी. साळावली, आमठाणे, पंचवाडी, कुडतरीची तळी. धरणांत सोडलेले रोहू, कटला मिळतात. त्यांना कणकेची गोळी, त्यात थोडी शेंगदाण्याची पेंड. मरळीला जिवंत बेडकी, पहाटे, गवताच्या कडेला. परवानगी मात्र आधी विचारा, धरणावर आणि गावात दोन्हीकडे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव अभयारण्यांच्या हद्दीत गरी पिशवीतूनही काढू नका. ओपाला तर आपले पिण्याचे पाणी उचलतात, तिथेही नको. आणि मानशीवर, म्हणजे खाजण शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, 'सहज टाकून बघतो' म्हणून बसू नका, तिथल्या माशांचा लिलाव झालेला असतो.

महिने ऑक्टोबर ते जानेवारी. पाणी निवळलेले असते. मृगाच्या पावसात मासा अंडी घालायला व्हाळातून (ओढ्यातून) वर चढतो, तेव्हा तो टोपलीने मिळतो हे खरे, पण त्या दिवसांत मी जात नाही. तळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका खदखदताना दिसला तर खाली मरळ राखणीला असते. डिवचली की झेप घेते, गरी टाकली तर लगेच सापडेल. टाकू नका.

मगर. साळावलीत आहे, कुंभारजुव्याच्या कालव्यात आहे. दुर्भाटकडे पौषातल्या अमावास्येला मातीची मगर करून पूजतात, ते काही हौस म्हणून नव्हे. गुडघाभर पाण्यात उभे राहून गरवू नका. मासे धुवायचे ते घरी.

दुसरी चिठ्ठी आली, आणि ही चहाची दिसते. पहिल्या रांगेतून विचारतायत, शेंगाळ्याच्या काट्याला हळद लावायची का? आधी गरम पाणी, सोसेल तेवढे, त्यात अंगठा बुडवून बसायचे. मेहुण्याने बर्फ लावला होता.