कझाकस्तान : आधी अंतराचा हिशेब

श्रोतेहो, कझाकस्तानला जाण्याचे ठरवल्यावर बहुतेक जण सर्वप्रथम स्थळांची यादी करतात. माझी आग्रहाची विनंती अशी, की यादी बाजूला ठेवून आधी नकाशा समोर घ्यावा. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे 27 लाख 25 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ नऊ पट आहे आणि लोकसंख्या मात्र दोन कोटींच्या आसपास आहे. दोन शहरांमध्ये दिवसभर केवळ गवताळ माळरान दिसत राहावे, ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. भारतीय पारपत्रधारकांना 2022च्या जुलैपासून एका वेळी 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येते (180 दिवसांत सगळे मिळून 42 दिवसांपेक्षा अधिक नाही, निघण्यापूर्वी हा नियम दूतावासाकडून पुन्हा पडताळून घ्यावा). या चौदा दिवसांत अल्माती, अस्ताना, तुर्किस्तान शहर आणि कास्पियन समुद्राकाठचे अक्ताऊ असे सारे उरकू पाहणाऱ्याचा निम्मा प्रवास गाडीत आणि विमानतळावरच जातो. म्हणून देशाचा एक कोपरा निवडावा आणि तो नीट पाहावा.

पहिल्या भेटीसाठी मी अल्माती सुचवीन. राजधानी 1997 साली येथून उत्तरेकडे, आजच्या अस्ताना शहरी हलली, तरी देशातील सर्वांत मोठे शहर अजून हेच आहे आणि त्याच्या पाठीशीच तिएन शान पर्वताच्या रांगा उभ्या आहेत. पूर्वेला सुमारे दोनशे किलोमीटरवर चारिनची दरी लागते. तिथून पुढे साती या गावी मुक्काम केला, तर कोलसाईची सरोवरे आणि काइंदी सरोवर घाई न करता पाहता येतात. 1911च्या भूकंपात दरड कोसळून काइंदीचा प्रवाह अडला, पाणी साचले आणि त्यात बुडालेल्या सूचिपर्णी वृक्षांची सरळसोट खोडे आजही पाण्याबाहेर उभी आहेत. अनेक जण हा सारा प्रवास अल्मातीहून एकाच दिवसात जाऊन-येऊन करतात, हे मला खटकते; कारण त्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून राहावे लागते आणि सरोवरापाशी मिळतो तो जेमतेम तासभर. साती गावात घरगुती मुक्कामाची सोय होते. काइंदीकडे जाणारा शेवटचा टप्पा खडकाळ असून तो ओढ्यांतून जातो, त्यामुळे साध्या मोटारीचा हट्ट धरू नये. गावातच चारही चाकांना जोर असलेली जुनी सोव्हिएत बनावटीची गाडी भाड्याने मिळते.

लांबच्या प्रवासासाठी रेल्वेचा विचार अवश्य करावा. ‘कुपे’ म्हणजे चार शायिकांचा बंद कप्पा आणि ‘प्लात्सकार्त’ म्हणजे आपल्या स्लीपरसारखा उघडा डबा, एवढे दोन शब्द लक्षात ठेवले की तिकीट काढणे सोपे जाते. तिकिटावरील नाव पारपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे. लांब पल्ल्याच्या गाडीत गरम पाण्याचे बंब असतात. शाकाहारी प्रवाशाला त्यांचा फार आधार वाटतो, कारण गरम पाणी घालून होणारा उपमा किंवा पोहे बरोबर असले की जेवणाची चिंता मिटते. एरवी तिथला आहार मांसप्रधान आहे, आणि त्यात घोड्याचे मांस मानाचे समजले जाते. ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांसाविना, असे रशियनमध्ये सांगितले तरी सूप मांसाच्या रश्श्याचे असू शकते, तेव्हा तेही वेगळे विचारावे. अल्मातीच्या हिरव्या बाजारात सुका मेवा, फळे आणि ताजी भाकरी उत्तम मिळते.

आता थंडीविषयी. अस्तानात हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो आणि उघड्या माळावरून येणारा वारा त्याहून बोचरा असतो. डोंगरातील पायी भटकंतीसाठी जून ते सप्टेंबर हे महिने धरावेत. घड्याळाबाबत जुन्या माहितीपत्रकांवर विसंबू नये: 1 मार्च 2024 पासून संपूर्ण देशात एकच वेळ आहे आणि ती आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. शहरात कार्डावर व्यवहार होतात, मात्र खेड्यांत रोख टेंगे, म्हणजे तिथले चलन, हवेतच. बदलून घेण्यासाठी डॉलरच्या स्वच्छ, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात. फलकांवर सिरिलिक लिपी असते, ती आठवडाभर रोज थोडी गिरवली तरी बसची पाटी वाचता येते.

बैकोनूर या अंतराळयाने सोडण्याच्या तळाविषयी मला पुष्कळदा विचारतात, आणि ती ओढ मी समजू शकतो. 3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा तेथूनच अंतराळात गेले. परंतु हा तळ रशियाकडे 2050 पर्यंत भाडेपट्ट्याने आहे, तिथे विशेष परवानगी लागते आणि ती बऱ्याच आधीपासून अधिकृत यात्रासंस्थेमार्फत मागावी लागते. रेल्वेतून जाता जाता उतरून पाहावे, असे ते ठिकाण नव्हे.

शेवटी घरगुती मुक्कामाबद्दल. उंबऱ्याशी पादत्राणे काढावीत, भाकरी कधीही पालथी ठेवू नये. यजमानीण चहाची वाटी अर्धीच भरून देते; त्यात कंजुषी नसते, वाटी परत परत भरून पाहुण्याला अधिक वेळ बसवून घेण्याची ती रीत आहे. वाटी काठोकाठ भरून आली, की निरोपाची वेळ झाली असे समजावे.