ब्रिन टेर्व्हेल : वेल्शमधून गाणारा आवाज

२१ ऑक्टोबर १९६५. उत्तर वेल्समधल्या ट्रिवेरिन खोऱ्यात धरणाचं उद्घाटन होतं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं, त्यासाठी कापेल केलिन हे अख्खं गाव बुडवलं गेलं. शाळा, पोस्ट, प्रार्थनेचं चॅपेल, शेतं, सगळं पाण्याखाली गेलं. गाव पूर्णपणे वेल्श बोलणारं होतं.

तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच तिथून पश्चिमेला, पांट ग्लास नावाच्या छोट्या वस्तीत, एका शेतकऱ्याच्या घरी मुलगा जन्माला आला. ब्रिन टेर्व्हेल जोन्स, पुढे ब्रिन टेर्व्हेल या नावाने जगभर गाजलेला ऑपेरागायक. घरातली भाषा वेल्श. इंग्रजी नंतर आली.

वेल्श इथवर टिकली हेच नवल. १५३६ च्या कायद्याने वेल्समधल्या कोर्टकचेऱ्यांची भाषा इंग्रजी ठरवली. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात जायची. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात, त्याला मार.

कचेरीत आणि वर्गात मज्जाव झालेल्या या भाषेला आसरा मिळाला तो चॅपेलमध्ये आणि आयस्टेधवॉडमध्ये, म्हणजे गाण्याच्या आणि कवितेच्या जत्रेवजा स्पर्धांमध्ये. लहानगा ब्रिन याच मंचांवर घडला.

तिथे केर्ध डान्ट नावाचा एक प्रकार गातात. तो नीट ऐकायला हवा. हार्प या तंतुवाद्यावर एक धून सुरू होते. गायक मात्र लगेच तोंड उघडत नाही. थोडी धून पुढे जाऊ देतो, आणि मग वेगळ्याच चालीत कविता गाऊ लागतो. हार्प आपल्या वाटेने, गायक आपल्या वाटेने. शेवट मात्र दोघांनी एकाच क्षणी गाठायचा, आपल्याकडे गायक आणि तबलजी समेवर भेटतात तसा. आणि इथे शब्द राजा. कवितेचा आघात जिथे, तिथेच स्वराचा आघात. एकही अक्षर गिळून चालत नाही. टेर्व्हेल यांचं गाणं ऐका, भाषा जर्मन असो वा इटालियन, प्रत्येक व्यंजन ठसठशीत कानावर येतं. त्याचं मूळ याच शिस्तीत आहे असं मला ठामपणे वाटतं.

१९८४ साली ते लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकायला गेले. १९८९ साली कार्डिफच्या जागतिक गायनस्पर्धेत भावगीतगायनाचं पारितोषिक मिळालं. पुढे ऑपेरांतल्या फिगारो, फाल्स्टाफ, वोटान अशा भूमिका... आणि न्यूयॉर्क, साल्झबर्ग, लंडनचं कॉव्हेंट गार्डन असे मंच.

एवढी उंची गाठल्यावर मैफिलीच्या शेवटी मातृभाषेतलं एखादं गाणं गाऊन टाळ्या घेणं सोपं असतं. टेर्व्हेल तेवढ्यावर थांबले नाहीत. मैरियन विल्यम्स या वेल्श संगीतकाराच्या गीतांचा त्यांनी अख्खा अल्बम केला. थोर ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टसाठी जी मेहनत, तीच या गीतांसाठी. २००० साली बँगोरजवळच्या वायनॉल इस्टेटीत त्यांनी स्वतःचा महोत्सव सुरू केला. तिथे जगभरचे ऑपेरागायक यायचे आणि वेल्शमधून गाणारे बँडही त्याच मैदानात उभे राहायचे. मला हे फार मोलाचं वाटतं. भाषेला दयेची नाही, बरोबरीची जागा दिली त्यांनी.

मग ६ मे २०२३. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राजे चार्ल्स तिसरे यांचा राज्याभिषेक. वेल्श संगीतकार पॉल मीलर यांनी रचलेली प्रार्थना टेर्व्हेल गातात. 'आर्ग्लुइध, त्रिगार्हा.' प्रभो, दया कर. शब्द मोजकेच, पण त्यातला 'र' जिभेवर घोळत येतो आणि शेवटचा 'आ' त्या उंच छताखाली मोकळा पसरतो. ब्रिटिश राज्याभिषेकात वेल्श गायली गेली ती त्या दिवशी पहिल्यांदाच. राजघराण्याविषयी वेल्समध्ये एकमत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. तरीही ज्या राजसत्तेने ही भाषा कोर्टातून हद्दपार केली, तिच्याच सर्वांत मोठ्या सोहळ्यात ती ऐकू आली, याचं मोल कमी होत नाही.

२०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं नोंदवलं. शंभरांत जेमतेम अठरा. २०५० पर्यंत हा आकडा दहा लाखांवर न्यायचं तिथल्या सरकारने ठरवलं आहे.

मुलांमध्ये वेल्श रुजवण्यासाठी १९२२ साली स्थापन झालेली ईर्ध ही संघटना आज टेर्व्हेल यांच्या नावाने शिष्यवृत्ती देते. गायक, वादक, नर्तक, अभिनय करणारी तरुण मुलं तिच्यासाठी एकाच मंचावर उतरतात, आणि एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी तो सामना घरोघरी पोचवते.